भिंतीला टेकू

ओव्हरसियरांच्या पोटरीत गोळा आला, की त्यांच्या बायकोला आधी लाथ बसायची आणि मग बातमी कळायची. पहिल्या आठवड्यात ती दचकून उठली. दुसऱ्या आठवड्यात नुसतीच उठली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती डोळे न उघडता पायथ्याशी सरकून त्यांचा चवडा वर ओढायला शिकली होती. गोळा उतरला, की चवडा तसाच कवटाळून ती तिथेच झोपी जायची आणि पाय ओलीस असल्यामुळे ओव्हरसियर पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचे.

"लग्नात तुम्ही हात मागितला होता," एका सकाळी ती म्हणाली. "पायाचं कुणी काही बोललं नव्हतं."

"अगं, मी का मुद्दाम करतो?"

"मुद्दाम करत नाही, म्हणून तर लाथ परत केली नाही अजून. चला डॉक्टरांकडे."

किडनीचं दुखणं दोन वर्षं जुनं होतं. "दोन गवंडी मिळून एकाचं काम करतायत," असं ओव्हरसियर त्याचं वर्णन करत. "साइटवर असते तर दोघांनाही घरी पाठवलं असतं." बांधकामावर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला शरीरसुद्धा बांधकामच वाटतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, एका गोळीची वेळ बदलली आणि सांगितलं, की या आजारात असे गोळे येतात.

"दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. आणि कुणी प्रेमाने आणून दिलेलं काहीही तोंडात घालायचं नाही. काढा नाही, पावडर नाही, केळी नाहीत."

"मग करायचं काय?"

"भिंत ढकलायची," डॉक्टर म्हणाले. "झोपण्यापूर्वी. दोन्ही तळवे भिंतीला, एक पाय मागे, टाच जमिनीला. पोटरी ताणली गेली पाहिजे. मग दुसरा पाय. तीन-तीन वेळा."

"डॉक्टर, भिंती पडू नयेत म्हणून चाळीस वर्षं मी पगार घेतलाय."

"आता पेन्शन घेता ना? मग ढकला."

घरात मोकळी भिंत एकच होती. बाकीच्या भिंतींना कपाट, टीव्ही आणि बायकोच्या माहेरच्या माणसांचे फोटो होते. मोकळी भिंत खिडकीशेजारची, आणि खिडकीच्या बरोबर समोर, दुसऱ्या विंगमध्ये, निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची गॅलरी. रोज रात्री नऊ वाजता ओव्हरसियर बनियनवर त्या भिंतीसमोर उभे राहत, दात-ओठ खाऊन तिला रेटत, पाय बदलत, पुन्हा रेटत, आणि शेवटी भिंतीवर दोनदा हलकेच थाप मारत. थाप डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती. ती जुनी सवय.

बाईंनी चार रात्री हे पाहिलं. पस्तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारलेली नजर ती. एखादा सामान्य माणूस भिंत ढकलताना दिसला असता, तर बाईंनी त्याला वेडा ठरवून पडदा ओढला असता. पण हा माणूस साधा नव्हता. इमारतीत कुठे ओल आली, तडा गेला, फरशी पोकळ वाजली, तर बोलावणं ओव्हरसियरांना जायचं. ते यायचे, बोटाच्या पेराने ठकठक करायचे आणि निकाल द्यायचे. असा माणूस रोज रात्री स्वतःच्याच भिंतीला धरून उभा राहतो, याचा अर्थ उघड होता. पाचव्या दिवशी बाईंनी तो अर्थ सेक्रेटरींना 'फक्त तुमच्यापुरतं' म्हणून सांगितला.

सेक्रेटरी त्याच संध्याकाळी दारात हजर झाले.

"सहज आलो," ते बसता बसता म्हणाले. सहज आलेल्या माणसाची नजर भिंतीवरून हलत नव्हती. "ओव्हरसियर, तुम्ही म्हणे रोज रात्री ही भिंत... धरता?"

ओव्हरसियरांच्या पोटात गोळा आला. याला चवडा ओढून उपयोग नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. किडनीचं प्रकरण त्यांनी इमारतीत कुणाला कळू दिलं नव्हतं. एक तर इमारत मायाळू होती. मागे त्यांना साधा खोकला झाला, तेव्हा आठ घरांतून अकरा काढे आले होते, आणि ओव्हरसियरांना कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. त्यांनी अकराही प्यायले. खोकला राहिला, ओव्हरसियर दोन दिवस बाथरूममध्ये राहिले. पण खरं कारण निराळं होतं, आणि ते फक्त बायकोला माहीत होतं. निवृत्तीनंतर या माणसाकडे एवढंच उरलं होतं, की लोक त्यांना काहीतरी विचारायला येत. एकदा 'पेशंट' झालं, की कुणी तड्याबद्दल विचारत नाही. तब्येतीबद्दल विचारतात.

म्हणून ते खोटं बोलले. खोटं बोलायला सराव लागतो. तो नसल्यामुळे त्यांनी हाताला लागलं ते पहिलं खोटं उचललं.

"सवय हो," ते म्हणाले. "भिंतीला रोज एकदा हात लावून बघितलेलं बरं."

"रोज?"

"रोज."

"दोन्ही हात?"

"मोठी भिंत आहे."

सेक्रेटरींनी खुर्ची भिंतीपासून जरा दूर घेतली. "बायकांना... म्हणजे वहिनींना माहितीय?"

"तिला सगळं माहितीय. पण बोभाटा नको. मी बघतोय ना."

'बोभाटा नको' एवढे दोन शब्द घेऊन सेक्रेटरी जिना उतरले, आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्याजवळ ते टिकले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून इमारत विलक्षण सभ्य झाली. वरच्या मजल्यावरचं कुटुंब चवड्यांवर चालू लागलं. त्यांचं लोखंडी कपाट रात्रीतून दुसऱ्या खोलीत गेलं, पण उचलून. सरकवण्याची हिंमत कुणाची झाली नाही. पाचव्या मजल्यावरचा व्यायामपटू वजनं खाली ठेवताना उशी पसरू लागला. पोरांनी जिन्यात उड्या मारणं सोडलं. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी कुटुंबासह सासुरवाडीला निघून गेला आणि जाताना त्याने खाली उभं राहून इमारतीकडे बघून घेतलं, परत दिसेल न दिसेल म्हणून.

"किती शांत झालंय नाही?" ओव्हरसियर कौतुकाने म्हणाले. "लोक सुधारले."

"सुधारले नाहीत, घाबरलेत," बायको म्हणाली. ती नुकतीच पाणी भरताना सगळं ऐकून आली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. "तुमच्या पोटरीने शिंपी हाकलला. रविवारी सकाळी मीटिंग आहे पार्किंगमध्ये. विषय, इमारत आठ दिवसांत रिकामी करणे."

"काय?"

"आता सांगा खरं काय ते."

"सांगितलं तर उद्यापासून माझी विचारपूस सुरू होईल."

"नाही सांगितलं तर उद्यापासून आपण फुटपाथवर. तिथे भिंत पण नाही ढकलायला."

रविवारी पार्किंगमध्ये चाळीस माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. ओव्हरसियरांना पुढची खुर्ची मिळाली, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची मान म्हणून मोकळी. सेक्रेटरींनी खाकरून सुरुवात केली. बोलून बोलून त्यांचा आवाज भरून आला, आणि शेवटी ते म्हणाले, "एक माणूस रोज रात्री आपल्या सगळ्यांसाठी उभा राहतोय. या वयात. बनियनवर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हळू. कंपनं नकोत.

ओव्हरसियर उठले. "ऐका. भिंत उत्तम आहे. चाळीस वर्षांच्या अनुभवावर सांगतो, तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल."

"मग ढकलता कशाला?" मागून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. त्यांनी हात वर करून विचारलं, कारण शिस्त म्हणजे शिस्त.

ओव्हरसियरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळ्यांनीच 'बोला' म्हटलं. त्यांनी श्वास घेतला.

"मला किडनीचा आजार आहे. दोन वर्षं झाली. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. भिंत ढकलणं हा त्यावरचा व्यायाम आहे. बस."

सेक्रेटरी जवळ आले आणि त्यांनी ओव्हरसियरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"थोर आहात," ते म्हणाले. "आम्ही घाबरू नये म्हणून भिंतीचं दुखणं स्वतःच्या किडनीवर घेताय."

"अहो, खरंच आहे! अगं, फाइल दे."

बायकोने फाइल पुढे केली. व्यायामपटूने रिपोर्ट हातात घेऊन गंभीरपणे वाचला. "क्रिएटिनिन दोन पॉइंट चार. काका, हे किती इंच झालं?"

"ती माझी किडनी आहे!"

"असू दे काका. सिमेंट कुठलं वापरलंय ते बघू आपण."

ओव्हरसियर मटकन खुर्चीत बसले. दोन वर्षं जे झाकलं ते चारचौघांत उघडं केलं, आणि कुणी ढुंकून बघायला तयार नाही. आता त्यांना पेशंट व्हायची भीती उरली नव्हती. पेशंट व्हायला परवानगी मिळेना, ही चिंता होती. वैतागून त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला, टाच वर, चवडा ताणलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट.

गोळा आला. आजवरच्या सगळ्या गोळ्यांचा थोरला भाऊ.

"आई गं!" म्हणून ओव्हरसियर उसळले आणि एका पायावर उड्या मारत जवळच्या पहिल्या आधाराकडे धावले. तो पार्किंगचा मधला खांब होता. पाच मजल्यांची इमारत ज्या खांबावर उभी, तो. त्यांनी दोन्ही तळवे त्यावर टेकले, पाय मागे टाकला, आणि दात-ओठ खाऊन सगळा जीव लावून खांब रेटला.

"खांब गेला!" कुणीतरी ओरडलं.

त्यानंतर एकोणचाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या एकाच वेळी उलटल्या. सेक्रेटरी 'आधी बायका, मुलं' असं ओरडत सगळ्यांच्या पुढे धावत होते. व्यायामपटूने रिपोर्टसकट कुंपणावरून उडी मारली. अर्ध्या मिनिटात पार्किंग ओस पडलं.

ओस म्हणजे अगदी नाही. ओव्हरसियर खांबाला होते. त्यांची बायको भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. आणि शेवटच्या रांगेत मुख्याध्यापिकाबाई एकट्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही नाही पळालात?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"पळणार होते," बाई दातांवर दात दाबून म्हणाल्या. "उठताना डाव्या पोटरीत काहीतरी... आई आई आई!"

"इकडे या!" ओव्हरसियर खांबावरून ओरडले. "खांबाला! लंगडत या, पण या!"

बायकोने बाईंना धरून आणलं. ओव्हरसियरांनी एक हात सोडून त्यांच्या टाचेकडे बोट दाखवलं. "तळवे इथे. डावा पाय मागे. टाच उचलू नका. टाच! बाई, टाच वर आलीय!"

पस्तीस वर्षांत बाईंना कुणी दम दिला नव्हता. त्यांनी मुकाट्याने टाच टेकवली. क्षणभराने त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"गेला," त्या आश्चर्याने म्हणाल्या. "अहो, गेला की!"

"जातोच."

"म्हणजे तुम्ही खरंच..." बाई खांबाला हात लावूनच थांबल्या. "तुम्ही भिंत धरत नव्हता. भिंत तुम्हाला धरत होती."

कुंपणापलीकडून एकोणचाळीस डोकी हे बघत होती. इमारत पडत नाही, आणि बाई हसतायत, हे पाहून एकेक जण आत येऊ लागला. बाईंनी वर्गातल्या आवाजात सगळं एकदा समजावलं, आणि बाईंनी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, म्हणून ते मान्य झालं.

मग व्हायचं तेच झालं. "अहो, केळी खा रोज दोन!" "मीठ-पाणी प्या, माझ्या मामांना लगेच फरक!" "आमच्याकडे एक पावडर आहे..." ओव्हरसियरांनी डोळे मिटून घेतले. बायको पुढे झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "त्यांना जे चालतं ते मी देते. तुम्ही दिलेलं त्यांना चालत नाही, आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. मला येतं. ज्याला 'नाही' ऐकायचं असेल त्याने माझ्याकडे आणावं." कुणी काही आणलं नाही.

चार दिवस गेले. शिंपी परत आला, पोरं जिन्यात उड्या मारू लागली. पण ओव्हरसियरांकडे कुणी तडा विचारायला आलं नाही. दारावर माणसं येत आणि हळू आवाजात बायकोला विचारत, "बरे आहेत ना?" ओव्हरसियर पेपर वाचल्याचं नाटक करत बसत. पाचव्या दिवशी त्यांनी व्यायामही केला नाही. "काय करायचंय," म्हणाले आणि साडेआठलाच पांघरूण ओढून पडले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, त्यांच्यामागे व्यायामपटू, शिंपी, वरच्या मजल्यावरचं सगळं कुटुंब, आणि शिस्तीत शेवटी मुख्याध्यापिकाबाई.

"बरा आहे मी," ओव्हरसियर आतूनच कुरकुरले.

"ते राहू द्या हो," सेक्रेटरी म्हणाले. "नऊ वाजून गेले. भिंत राहिली आज."

ओव्हरसियर उठून बसले. "सेक्रेटरी, तुम्हाला कळलंय ना ते कशासाठी असतं?"

"पुरतं कळलंय. तुमच्या पायासाठी." सेक्रेटरी घुटमळले. "पण तुम्ही हात लावल्याशिवाय आमच्या वरच्या लोकांना झोप यायची नाही. अंथरुणात पडून सगळे छताकडे बघत राहतील. एकदा ढकलून घ्या ना. आणि ती शेवटी थाप मारता ना, ती जरा जोरात. पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेली पाहिजे."

ओव्हरसियरांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मग पांघरूण बाजूला केलं, बनियन सारखं केलं आणि संथपणे चालत भिंतीपाशी गेले.

"मागे सरा सगळे," ते म्हणाले. "कामाच्या जागी गर्दी नको."