परशराम आप्पांची जळजळ

पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ॲसिडिटीची गोळी परशराम आप्पा कैक वर्षं घेत होते. डॉक्टरांनी बंद करा म्हटलंच नाही, असं ते सांगत. आणि ते खरंही होतं, कारण आप्पा पुन्हा डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत ते सुपरवायझर. सकाळी आधी गोळी, मग देवाला नमस्कार, मग फौंड्रीच्या गेटवर मिरचीभजी.

लेक रूपाली बी.फार्म. झाली आणि तिनं पहिला हात बापाच्या गोळीला घातला.

"आप्पा, ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-बारा कमी होऊ शकतंय. हाडं ठिसूळ व्हायचा धोका बी असतोय म्हणत्यात. सगळ्यांस्नीच हुतंय असं न्हाय, पण..."

'हाडं' ऐकल्यावर आप्पांनी पुढचं ऐकलं नाही. पुढचं होतं, "एकदम सोडू नका, डॉक्टरांस्नी विचारून कमी करा." तोवर पाकीट केराच्या डब्यात पडलं होतं.

त्याच आठवड्यात संकेश्वरला रूपालीची सुपारी फोडायची होती. मुलगा सौरव, साखर कारखान्यात केमिस्ट. दोघांची पसंती झालेली. थोरांनी जेवून 'व्हय' म्हणायचं तेवढं राहिलेलं. आप्पांच्या छातीत मात्र इतकी वर्षं दडपलेलं ॲसिड मोर्चा काढून वर येत होतं.

पंगत बसली. पुरणपोळी आणि कटाची आमटी, वर बोटभर लाल तवंग. पाहुण्याची वाटी रिकामी दिसली तर घराची अब्रू जाते, भरलेली राहिली तर रांधणारणीची. आप्पांनी दोन्ही अब्रू वाचवायला आमटी तोंडाला लावली. हात छातीवर गेला, डोळ्यांतून धारा लागल्या.

मुलाचे वडील मारुतीराव हेलावले. "पाव्हणं, रडू नगासा. पोरगी आमच्यात लेकीवानी ऱ्हाईल."

"तसं न्हाय वो..." आप्पांचा आवाज फुटेना.

"बघा, बापाला बोलाय बी येईना!" मारुतीरावांच्या पत्नी जयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पाहुण्यांचं दुःख हलकं व्हावं म्हणून आणखी दोन पळ्या आमटी वाढली.

आप्पांनी तीही प्यायली. आता खांदेही हलायला लागले.

मारुतीराव गंभीर झाले. "एवढा जीव हाय तर घाई कशाला? पुढच्या साली फोडू सुपारी."

रूपालीचा चेहरा उतरला. सौरवच्या हातातली पोळी हातातच राहिली. रूपालीच्या आई मालुबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की फौंड्रीतलं लोखंडही भट्टीविना वितळलं असतं. "अवो, तोंड उघडा की!"

"माया न्हाय ही!" आप्पा ओरडले. "ॲसिडिटी हाय! पोरीचं पुरतं न ऐकताच गोळी एकदम सोडली मी! आमटी लई झ्याक हाय वैनी, पर आत आग लागलीया!"

रूपालीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी पुन्हा सुरू, उद्या तपासणी, मग बेताबेतानं कमी. तिखट आजपासून बंद.

जयाबाई कान देऊन ऐकत होत्या. "आमचं ह्ये बी तीच गोळी खात्यात, आन् कुणाचं ऐकत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मला ही पोरगी पुढच्या साली न्हाय, आत्ता पायजे. फोडा सुपारी! आन् तुमची वाटी आणा हिकडं."

मारुतीरावांनी निमूट वाटी दिली. सुपारी फुटली.

रूपाली पाया पडायला वाकली. आप्पांच्या गळ्याशी काहीतरी दाटून आलं, डोळे भरले. या खेपेला आमटीचा काही संबंध नव्हता. "पोरी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"गार दूध आणा गं कुणीतरी," मालुबाई म्हणाल्या, "परत चढली ह्यांची."