साहेबांचं कपाट आणि नीलकंठरावांचं लायसन्स

नीलकंठरावांनी ट्रक शिकायचं ठरवलं ते लहानूवरच्या रागातून. रायपूर राजधानी झालं आणि जो तो वाळू-गिट्टीच्या ट्रकचा मालक व्हायला निघाला, तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बाबू असलेल्या नीलकंठरावांनीही बायकोच्या नावावर एक जुना ट्रक घेतला. ट्रक बरा निघाला. ड्रायव्हर लहानू मात्र मंत्र्यासारखा निघाला. बोलावलं की यायचा नाही, आला की ऐकायचा नाही. एकदा तर गिट्टीने भरलेला ट्रक भर चौकात उभा करून तो मेहुणीच्या लग्नाला निघून गेला आणि किल्ली सोबत घेऊन गेला.

"आता मीच चालवतो!" नीलकंठरावांनी घरी येऊन जाहीर केलं.

"तुम्ही?" गोदावरीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "स्कूटर फाटकातून काढाले मले बोलावता, जरा मागं पाहाले. अन् ट्रक चालवून राहिले!"

हे वाक्य जिव्हारी लागलं. लहान गाडीचं लायसन्स नीलकंठरावांकडे कित्येक वर्षं होतं. फक्त गाडी नव्हती. त्यांनी भैय्यालालच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. भैय्यालालचा ट्रक पुढे जायला कुरकुरत का होईना तयार असे. मागे जायचं म्हटलं की तो फक्त भैय्यालालचं ऐके. भैय्यालाल गिअरच्या दांड्याच्या मुळाशी एक लाथ घाली, तेव्हा कुठे रिव्हर्स लागे.

"चिंता मत करो बाबूजी," भैय्यालाल म्हणायचा. "टेस्ट में मैं बाजू में बैठूँगा. लात मेरी, लायसेंस आपका."

टेस्टचा दिवस आला, आणि त्याच दिवशी ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे त्यांच्याच मोहल्ल्यात, शेजारच्या बाबारावांच्या राधिकाचं लग्नही आलं. "टेस्ट आटपली का सीधे मांडवात या," गोदावरीबाईंनी बजावलं, "अन् येताना आहेर घेऊन या." नीलकंठराव 'हव, हव' म्हणाले. त्यांच्या डोक्यात तेव्हा क्लच होता.

टेस्टच्या मैदानावर पाहतात तो बांबूचं कुंपण आणि मधोमध चुन्याचं भलंमोठं वर्तुळ. कुणी पाहुणे मंत्री हेलिकॉप्टरने उतरणार होते. इन्स्पेक्टर साहेब कपाळाला आठ्या घालून उभे होते. नुकतेच बिलासपूरहून बदलून आलेले हे श्रीपादराव मूळचे अकोल्याकडचे, हे कळल्यावर नीलकंठरावांना अर्धी टेस्ट पास झाल्यासारखं वाटलं.

"मैदान तर गेलं," श्रीपादराव म्हणाले. "रस्त्यावरच टेस्ट घेऊ. असं करा, सदर बाजारातून घ्या अन् मग शंकर नगर. वाटेत माझं जरासं सामान आहे."

भैय्यालालने ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला. साहेबांनी त्याला खाली उतरवलं. "शिकवणारा बसला तर टेस्ट कोणाची होईल जी?"

नीलकंठरावांनी आरशात पाहिलं. भैय्यालाल धुळीत उभा राहून हवेत लाथ मारून दाखवत होता.

साहेबांचं जरासं सामान म्हणजे पुरुषभर उंचीचं, आरसा लावलेलं लोखंडी कपाट निघालं. "बिलासपूरहून आल्यापासून बायकोच्या साड्या चादरीत बांधून ठेवल्या आहेत," श्रीपादराव खालच्या आवाजात म्हणाले. "आज कपाट गेलं नाही तर मले घरात घेणार नाही." कपाट चढलं. कडीला दुकानदाराने बांधलेली साहेबांच्या नावापत्त्याची चिठ्ठी होती. नीलकंठरावांनी मोठ्या कौशल्याने ट्रक पुढे काढला. पुढे काढण्यात ते वस्ताद होते. पण बाजारात पुढे एक बैलगाडी आणि एक सराफाची मोटार समोरासमोर अडली होती. शिपायाने शिट्टी फुंकून ट्रक बाजूच्या रस्त्याला वळवला. तिथून आणखी एक वळण, आणि समोर ओळखीचं देऊळ दिसलं तेव्हा नीलकंठरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. हा त्यांचाच पारा होता, आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाबारावांचा मांडव होता.

"मागं घ्या," साहेब म्हणाले.

नीलकंठरावांनी दांडा ओढला. ढकलला. मग भैय्यालालचं स्मरण करून लाथ घातली. दांडा हलला नाही; चप्पल तुटली.

"साहेब, लागून नाही राहिला."

तेवढ्यात पंगतीत वाढणाऱ्या गोदावरीबाई तुपाचं भांडं घेऊन बाहेर आल्या. "अहो! मांडवात ट्रक काहून आणला?" मागून बाबारावही आले. पाहुणा दारात आला आणि उपाशी गेला असं त्यांच्या घरी कधी घडलं नव्हतं. साहेब 'नको नको' म्हणत असतानाच त्यांना पाटावर बसवलं गेलं आणि पानात बुंदी पडली.

इकडे वरातीतल्या पोट्ट्यांना काम सापडलं. ट्रक न्यूट्रलमध्ये टाकून ढकलायचा ठरला. पण ढकलताना एवढं कपाट आडवं होईल, आरसा फुटेल, म्हणून आधी ते उतरवून मांडवाच्या कडेला ठेवलं. मग "डाव्या हाताले!" "अरे नाही, उजव्या!" अशा आरोळ्यांत, बँडच्या तालावर, ट्रक मागे सरकू लागला. नीलकंठराव स्टिअरिंग घट्ट धरून डोळे मिटून बसले होते. बहुधा त्यामुळेच ट्रक कुठेही न घासता सरळ मोठ्या रस्त्याला लागला.

ते धावत परतले तेव्हा मांडवात माइक खरखरत होता. कडेला ठेवलेलं कपाट कुणीतरी आहेराच्या रांगेत सरकवलं होतं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं होतं, आणि बाबारावांचा भाऊ कडीची चिठ्ठी वाचत होता: "शंकर नगरचे श्रीपादराव यांच्याकडून वधूस लोखंडी कपाट, आरशासकट!"

टाळ्या पडल्या. श्रीपादराव बुंदीचा घास तोंडात घेऊन उठले. "अहो, ते कपाट..." त्यांनी सुरुवात केली, पण राधिका त्यांच्या पायाशी वाकली होती. बाबारावांचे डोळे भरून आले होते. "ओळख ना देख, अन् एवढा आहेर!" श्रीपादरावांनी घास गिळला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "अखंड सौभाग्यवती भव." त्यांच्या खांद्यावर शाल पडली.

"पाहा, किती मोठ्या मनाचे साहेब आहेत!" गोदावरीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अन् तुम्ही काय आणलं?"

दोघं पुन्हा ट्रकमध्ये चढले. साहेबांच्या मांडीवर नारळ होता. शंकर नगर आलं. एका फाटकात शर्मिष्ठाबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, पदर खोचून उभ्या होत्या.

"थांबू?" नीलकंठरावांनी विचारलं.

"थांबू नका! पुढं घ्या. टेस्ट अजून बाकी आहे."

नीलकंठरावांनी पुढे घेतलं. पुढच्या चौकाला वळसा घालून ट्रक पुन्हा त्याच फाटकासमोर आला. साहेब शाल डोक्यावरून घेऊन बसले होते. "पुढं घ्या." तिसऱ्या फेरीला मात्र शर्मिष्ठाबाई थेट रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभ्या राहिल्या. नीलकंठरावांनी कचकन ब्रेक दाबला. बाजूला पाहिलं तर सीट रिकामी. साहेब खाली, नारळ पोट आणि गुडघ्यांत दाबून उकिडवे बसले होते आणि दोन्ही हात जोडून मान हलवत होते.

शर्मिष्ठाबाई खिडकीशी आल्या. "काय हो भैया, आमचं कपाट आणून राहिले का? कवाचे इथंच फिरता."

"नाही ताई," नीलकंठराव म्हणाले. "ही तर लायसन्सच्या टेस्टची गाडी आहे."

"असं? मग टेस्ट घेणारे कुठं आहेत?"

नीलकंठरावांनी एकदा खाली पाहिलं. आयुष्यात प्रथमच एक अख्खा अधिकारी त्यांच्या क्लचपाशी बसला होता. त्यांना मुळीच घाई नव्हती. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, आरसा सरळ केला. खालून कागद सरकल्याचा आवाज आला, मग पेनचा. मग एका हाताने तो कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. सहीची शाई ओली होती.

"साहेब होय?" नीलकंठराव प्रसन्नपणे म्हणाले. "ते मले पास करून केव्हाचेच उतरले, ताई."

आणि त्यांनी ट्रक पुढे घेतला.