तोंडावर तारीफ

ज्या सैन्याच्या अधिकाऱ्यांची मनं जुळलेली असतात, ते सैन्य कधीच हरत नाही! नागपूरच्या त्या लष्करी कार्यालयात नवे कर्नलसाहेब हे इतक्या गंभीरपणे म्हणाले की ऐकणाऱ्यांना वाटलं, शत्रू सीताबर्डीपर्यंत आलाच! प्रत्यक्षात गाड्या पाहणारे मेजर रणदिवे आणि शिधा पाहणारे मेजर टिपणीस बॅडमिंटनच्या एका वादग्रस्त फटक्यापासून एकमेकांशी बोलतच नव्हते.

तरी काम चाले, ते सुभेदार बाबारावामुळे. या टेबलावरून त्या टेबलावर फाइल नेताना तो सोबत एक तारीफही नेई. "टिपणीससाहेब म्हणून राहिले होते, रणदिवेसाहेबांएवढा नकाशा कोणालेच समजत नाही!" असं म्हटलं की रणदिवे विरघळत, गाड्या सुटत. तारीफ अर्थात बाबारावाच्या घरच्या घाण्यातली.

हा उद्योग त्याच्या बायकोसाठी, गोपिकेसाठी. तिचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. दुपारी सायकल हाणत घरी जाऊन तो तिला भरवी. ऑफिस सुरळीत चाललं, तर पेन्शनपर्यंत बदली नाही, असा कर्नलसाहेबांचा शब्द होता.

"काहून जी, साऱ्या जगाची तारीफ करता," ती अडखळत म्हणे, "माही कधी कराल?"

"तुही खोटी करा लागत नाही वं, म्हणून राहून जाते."

पाहुण्या जनरलसमोर पलटणीचा युद्धसराव व्हायचा होता; त्याच्या आदल्या दिवशी कर्नलसाहेबांनी दोन्ही मेजरांना चहाला बसवलं. बाबाराव कप मांडत होता. "एकमेकांविषयी जे चांगलं वाटतं, ते तोंडावर बोला!"

रणदिवे लाजले. "माझ्या नकाशाचं तुम्ही कौतुक करता, आभारी आहे."

"मी? अहो, तुम्हाला क्लबातून घरचा रस्ता सापडत नाही! पण आमच्या मंडळींच्या पुरणपोळीबद्दल तुम्ही जे..."

"तुमच्याकडे मी जेवलोय कधी?"

दोन्ही माना एकदम बाबारावाकडे वळल्या. कवायतीतसुद्धा इतक्या एका तालात वळल्या नव्हत्या!

दुसऱ्या दिवशी रणदिव्यांनी कोणालाही न विचारता रिकाम्या गाड्या हिंगण्याला धाडल्या. टिपणिसांनीही न विचारता भाड्याच्या छकड्यांतून शिधा कळमेश्वरला. पलटण दोन्हीकडे नव्हती! तिच्यापर्यंत चुकून पोचलं ते भिवापुरी मिरचीचं एक पोतं. जवानांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पाहुण्या जनरलना वाटलं, देशप्रेम.

चौकशी झाली. दोष बाबारावाचा, यावर दोन्ही मेजरांचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्या आनंदात त्यांनी हातही मिळवले.

"पाहा, मनं जुळली!" कर्नलसाहेब खूश.

"साहेब, घरी बाई अंथरुणाले खिळून आहे जी," बाबाराव म्हणाला. "तिले पाहाले दुसरं कोणी नाही."

"काळजी करू नका, सुभेदार. तुम्ही माणसं छान सांभाळता. सरहद्दीवर अशांची फार गरज आहे."

बाबारावाची बदली सरहद्दीवरच्या ठाण्यात झाली. तिथं कुटुंब नेता येत नसे.