साळीआळीच्या पाण्याची कलमबंदी

श्रीगजाननास वंदून, वरुणराजास दुरून नमस्कार करून, नगराचे पाण्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितों. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. ते समयीं राज्य सुखरूप, रस्ते डांबरी, इमले गगनास भिडलेले, आणि पाऊस मात्र कोणाचे हुकुमांत नाहीं. नगराचे बांधकामाची कलमबंदी वडिलांचे वेळची. तींत लिहिलें कीं, प्रत्येकानें आपलें जोतें रस्त्याहून एक हात उंच करावें. मग जो नवा इमला उठे तो जोतें उंच करी, अंगणास फरशी ठोकी आणि आपलें पाणी शेजारियाचे दारीं सोडी, आणि शेजारी त्याहून उंच होई, आणि रस्तेवाले डांबरावर डांबर चढवून रस्ताही वर नेत. ऐसें चढतां चढतां अवघें नगर वर गेलें आणि साळीआळी तेवढी खालीं राहिली. त्या आळींत ठकूबाई साळीण राहत असे. तिचा माग खड्ड्याचा. जमिनींतील खड्ड्यांत पाय सोडून बसावें आणि विणावें. पाऊस लागला कीं वरचें पाणी प्रथम त्या खड्ड्यांत उतरे, आणि आषाढापासून दसऱ्यापावेतों माग बंद पडे. बारा वर्षें तिनें अर्ज केले, आणि बारा वर्षें आमचे नगररचनेचे दफ्तरांतून उत्तर गेलें कीं, "जागा समक्ष पाहिली, कोरडी आढळली." यांत लबाडी काडीची नाहीं. पाहणी सारी वैशाखांत उरकावी, पावसांत जोडे व कागद भिजवूं नयेत, हा दफ्तराचा शिरस्ता. ते बाराही शेरे या लिहिणाराचे हातचे. अक्षर वळणदार आहे; आतां वाचतां लाज वाटते. यंदा माग बुडाला तर मोडून टाकावा आणि परगांवीं लेकीकडे जाऊन राहावें, ऐसा बाईनें निश्चय केला.

ते सालीं नगररचनेवर राजश्री विसाजीपंत नवे कारभारी आले. त्यांनीं कलमबंदी सुधारावयाचें मनीं घेतलें आणि मसुदा करून लोकांच्या हरकती मागविल्या. मसुद्यांत सुधारणा ती काय, तर जोतें एक हाताऐवजीं दीड हात! सुनावणीस इमले बांधणार सरदार हैबतराव लवाजम्यानिशीं आले, आणि ठकूबाई एकटी आली आणि म्हणाली, "पंत, दीड हात चढा, न्हाई तर दोन हात चढा. पाणी कुठं जायाचं, त्ये लिवलंय का?" पंत बोलिले, "बाई, आपली जागा कोरडी असल्याचा शेरा आहे." ती म्हणाली, "वैशाखात कोरडीच हाय, मीबी बघते. तुमी श्रावणात या. आन् जोडं घरी ठिवून या." सभेंत हंशा पिकला, हैबतराव पोट धरून हंसले, परंतु पंत हंसले नाहींत. "येतों," इतकेंच बोलिले.

मग श्रावण वद्य पंचमीस, पाऊस मुसळधार असतां, पंत खासे अनवाणी निघाले आणि हैबतरावांस बळेंच संगें घेतलें, आणि हा लिहिणार दफ्तर पोटाशीं धरून मागें चालला. आळीचे तोंडाशीं पाणी घोट्याएवढें, ठकूबाईचे दारीं गुडघ्याएवढें. उंबऱ्याआंत खड्डा कांठोकांठ भरलेला, अर्धें विणलेलें लुगडें तिनें आढ्यास टांगलेलें. पंतांनीं पुसिलें, "हें येतें कोठून?" तिनें नुसतें बोट केलें. वरते अंगास हैबतरावांचा नवा इमला, आणि त्याचे फरशीवरून पाणी धांवत खालीं येतें. राव ओशाळून म्हणाले, "आम्हीं तर कलमाप्रमाणेंच बांधिलें." पंत बोलिले, "खरें आहे, राव. आपण कलमाप्रमाणें बांधिलें, आम्हीं कलमाप्रमाणें मंजूर केलें. बसा." मग तिघेही मागाचे फळीवर पाण्यांत पाय सोडून बसलों, आणि तेथेंच नवीं कलमें लिहिलीं कीं, ज्याचे छपरावर पाणी पडेल त्यानें तें आपलेच आवारीं जिरवावें, अंगणाचा तिसरा हिस्सा मातीचा राखावा आणि शोषखड्डा खणावा, रस्ता नवा करणें तर जुनें डांबर आधीं खरवडावें, आणि पाहणी भर पावसांत व्हावी. राव कुरकुरले, "मग मोटारी कोठें उभ्या कराव्या?" ठकूबाई म्हणाली, "का, मातीवर उभ्या ऱ्हात न्हाईत व्हय?" लाजेनें म्हणा कीं भल्या बुद्धीनें म्हणा, पहिली फरशी रावांनीं आपलीच उकरली आणि मग आळीचे वरचीं चार आवारें तैसींच जाहलीं. बाई म्हणाली, आणखी एक पावसाळा बघते.

पुढें विश्वावसु संवत्सरीं श्रावणांत हा लिहिणार पाहणीस गेला. खड्ड्यांत वीतभर पाणी होतें आणि बाई तांब्यानें उपसत होती. माझें मन खट्टू जाहलें. म्हणालों, "अजून येतें तर." ती म्हणाली, "यायचंच. अर्धं नगर फरशीखाली हाय अजून. पर बसाया येतंय." मग तिनें गोणपाटानें खड्डा टिपला, पाय सोडले आणि धोटा टाकिला. श्रावणांत माग वाजला म्हणोन शेजारणी दारांत येऊन उभ्या राहिल्या. मला फार आनंद जाहला, तो लपवितां येईना. मी निघतां ठकूबाईनें लेकीसाठीं मजजवळ निरोप सांगितला, "मी येत न्हाई म्हनावं. तूच ये. हात कमी पडत्यात."

येणेंप्रमाणें पाण्याची हकीकत. नवी कलमबंदी चालू आहे, उरलेलें नगर उकरणें आहे, आणि लेक विणावयास येऊन राहिली आहे.