विद्वानांचे गुरुजी

वझे गुरुजी आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना अरे-तुरे करतात. चेअरमनलासुद्धा. फक्त एआयला ‘अहो’ म्हणतात. कारण विचारलं तर म्हणाले, "ज्यांना चारी वेद पाठ, त्यांना अरे कसं म्हणू? अक्कल नाही, तो भाग वेगळा."

ही गाठ मीच घालून दिली. हडपसरला आमच्या कंपनीत पूजाअर्चेच्या शंकांना उत्तरं देणारं अ‍ॅप तयार होत होतं. उत्तरं एआय देणार, पण ती तपासायला कुणी जाणता माणूस हवा होता. सदाशिव पेठेत माझ्या समोरच्या दारात राहणारे गुरुजी आठवले. मुंजीपासून वास्तुशांतीपर्यंत सगळं तोंडपाठ, आणि चूक दिसली की तोंडावर सांगायची जन्मजात हौस. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते ऑफिसला येऊ लागले.

पहिला प्रश्न साधा होता. फ्लॅटमध्ये सत्यनारायण आहे, केळीचे खांब मिळाले नाहीत, काय करू? एआयनं पर्याय, त्यांचं महत्त्व, मांडणी असं पानभर लिहिलं. गुरुजींनी चष्मा वर केला. "अहो, त्यांना पूजा घालायचीय, मांडववाले व्हायचं नाहीये." मग मला टाइप करायला सांगितलं: नसले तरी चालतं, नमस्कार करा.

चूक दाखवली की एआय लगेच माफी मागे. गुरुजींना त्याचं फार अप्रूप. पुण्यात असा कुणी त्यांना आजवर भेटलेला नव्हता म्हणे.

एकदा त्यानं तुळशीच्या लग्नाबद्दल संस्कृत श्लोक दिला. गुरुजींनी विचारलं, कुठला? त्यानं एका पुराणाचं नाव सांगितलं. पुन्हा विचारलं तर दुसऱ्याच पुराणाचं. "अहो, आपण थापा मारता," गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणि त्याही अनुष्टुभात." वृत्त मात्र चोख आहे, असा शेराही दिला. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, घरातल्या थोरांना विचारा’ असं म्हणायला ह्यांना शिकवा. आमचा मॅनेजर हवालदिल. लोक घरच्यांना विचारू लागले तर अ‍ॅप उघडणार कोण? गुरुजींचं म्हणणं, तसं झालं तर अ‍ॅपचं सार्थक झालं.

मग एका दुपारी एका बाईंचा प्रश्न आला. नवरा गेला, मूलबाळ नाही. त्यांचं श्राद्ध मी स्वतः केलं तर चालेल का? एआयनं भाऊ, पुतण्या, भाचा अशी अधिकाराची उतरंड रचली. बाई पार तळाला. गुरुजींनी ती सगळी उतरंड मला खोडायला लावली. मग सावकाश म्हणाले, "लिही. हो बाई, तुम्हीच करा. त्यांना जे आवडायचं ते पानात वाढा."

कुणी आक्षेप घेतला तर, म्हणून मॅनेजर धास्तावला. गुरुजींनी उत्तराखाली स्वतःचं नाव घालायला लावलं. बातमी पेठेत पोचायला वेळ लागला नाही, आणि त्यांच्या जुन्या जोडीदार भटजींनी त्यांना पूजांना बोलावणं बंद केलं. गुरुजी म्हणाले, बरं झालं, गुडघे दुखतातच.

पितृपंधरवडा आला. अविधवा नवमीला गुरुजी दरवर्षी पत्नीचं श्राद्ध करत, खीर-वड्यांसकट अगदी यथासांग. ती मी इथे राहायला येण्याआधीच गेलेली, आणि तिच्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर ऐकलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी आम्ही स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो होतो. मागून त्यांनी विचारलं, "अगं, फोडणीच्या पोळीत कांदा मोहरीच्या आधी घालतात की नंतर?"

नंतर, मी म्हटलं. पण उद्या नवमी ना? श्राद्धाला कांदा कसा चालेल?

"चालत नाही," गुरुजी म्हणाले.

सिग्नल सुटला. मी स्कूटर काढली.

"शिळ्या पोळीची म्हणून मी हिला ती घरात कधी करू दिली नाही. ही शेजारी जाऊन खायची, आणि मला कळू नये म्हणून बडीशेप चघळत यायची." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "मला कळायचं."