शनिवारचं कॅरिअर

सामानाची रंगीत तालीम शनिवारी सकाळी पुंडलिकनगरात, घराच्या फाटकासमोर झाली आणि पहिल्याच प्रवेशात पडदा पडला. नवी एसयूव्ही घेताना 'सात जण आरामात बसतात' हे विक्रेत्याचं वाक्य हिमांशूने मन लावून ऐकलं होतं. सात जण बसल्यावर त्यांच्या कपड्यांनी कुठे बसायचं, हे मात्र विचारायचं राहिलं होतं. शेवटची सीट उघडली की मागे एक कुकर आणि दोन पिशव्या कशाबशा मावत होत्या. अंगणात उरल्या होत्या चार सुटकेस, दिवाळीच्या फराळाचे डबे, वडिलांचं घडीचं स्टूल आणि 'कोकणात ज्वारीचं पीठ मिळत नाही' म्हणून खास दळून आणलेली पिठाची गोणी. शेवटची सीट मिटली तर सामान मावत होतं, पण मग माणसं पाचच बसत होती. घरची माणसं सहा.

"मी थांबते घरी," हिमांशूची आई भानुमतीबाई लगेच म्हणाल्या. "मला तसंही गाडी लागते. तुम्ही जाऊन या."

वयाची पासष्टी उलटली तरी भानुमतीबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. समुद्राचं नाव काढलं की काहीतरी आडवं यायचंच. एकदा त्यांच्या नवऱ्याला, व्यंकटरावांना, निवडणुकीचं काम लागलं, एकदा पाहुणे आले, एकदा हिमांशूला गोवर निघाला. आणि दर वेळी घरी कोण थांबणार हा प्रश्न पडायच्या आतच भानुमतीबाई उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. व्यंकटरावांनी त्यांची समजूत घालण्यासाठी त्यांना पैठणला नेऊन धरणाचं पाणी दाखवलं होतं. "समुद्र म्हणजे हेच. फक्त खारट," असं ते म्हणाले होते. बाईंनी मान डोलावली होती, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

"या वेळी तू थांबायचं नाही," हिमांशू म्हणाला. "टपावर कॅरिअर बसवू. सगळं सामान वर."

हे बोलताना त्याचे डोळे असे चमकले की वैदेहीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ताबडतोब ओळखलं. हा विचार आत्ताचा नव्हता. गेले कित्येक दिवस नवरा मोबाइलवर डोंगरदऱ्यांतून जाणाऱ्या, डोक्यावर कॅरिअर मिरवणाऱ्या गाड्या बघत होता. सामान मावलं नाही याचं सगळ्यांना दुःख झालं होतं, हिमांशूला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या.

"आज वार कोणता?" व्यंकटरावांनी पेपरमागून विचारलं.

जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले व्यंकटराव वार विचारायला लागले की घोडं अडणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत, आणि घरात तर मुळीच आणत नाहीत," ते म्हणाले.

"बाबा, उद्या पहाटे निघायचंय. आज नाही तर कधी? आणि ही गाडी काय लाकडाची आहे? ती येतेच ना शनिवारी घरी?"

"ती गुरुवारी आणलेली आहे. एकदा आली की घरची झाली."

हिमांशूने मग वेगळी वाट धरली. "अॅल्युमिनियमचं घेऊ. ते तर लोखंड नाही ना?" व्यंकटरावांनी क्षणभर विचार केला आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या दारावरचं गणपतीचं चुंबक काढून खिशात टाकलं. "चल," ते म्हणाले. "बघू तरी."

हिमांशूचा शाळेतला मित्र रहीम याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान औरंगपुऱ्यात होतं. खाली दुकान, वर घर. एवढी मोठी गाडी त्या गल्लीत घालताना दोन रिक्षा, एक उसाचा रस आणि एक चिडलेला स्कूटरवाला यांना मागे सरकावं लागलं. पण हिमांशूला आज कशाचंही काही वाटत नव्हतं.

रहीमने आधी एक काळी, लांबोडकी, झाकणाची पेटी दाखवली. "ये देखो. पाऊस नाय, धूळ नाय. सगळं सामान बंद."

व्यंकटरावांनी पेटीला प्रदक्षिणा घातली. "डोक्यावर हे असलं घेऊन चांगल्या कामाला निघायचं? रस्त्यात लोक टोप्या काढतील."

मग अॅल्युमिनियमचं कॅरिअर आलं. व्यंकटरावांनी गणपती लावून पाहिला. चिकटला नाही. हिमांशूचा चेहरा फुलला. गणपती खाली सरकला आणि बोल्टला टपकन चिकटला.

"हे बघा, नटबोल्ट लोखंडाचे."

"मूठभर तर आहेत, बाबा."

"विष पण मूठभर लागत नाही."

"काका, तसंही ते तुमच्या गाडीला बसत नाय," रहीम म्हणाला. "छोट्या गाडीचं आहे. तुमच्या मापाचं अॅल्युमिनियमचं सोमवारी येईल. आज हे एकच आहे." त्याने भिंतीला टेकवलेलं एक मोठं काळं जाळीचं कॅरिअर थोपटलं. गणपती त्याच्यापासून वीतभर लांब असतानाच हातातून सुटून जाऊन बसला.

रहीम मुळात गोड स्वभावाचा माणूस. मित्राची अडचण पाहून तो म्हणाला, "विकत नको तर असंच घेऊन जा, काका. मी देतो. दान समजा."

"शनिवारी लोखंडाचं दान?" व्यंकटराव दोन पावलं मागे सरले. "अरे, देणाऱ्याची साडेसाती जाते आणि घेणाऱ्याच्या मानगुटीवर बसते."

"देणाऱ्याची जाते?" रहीम एकदम उत्सुक झाला. "मग काका, घ्याच ना."

ही चर्चा अशी रंगात आलेली असताना हिमांशू तिथे नव्हता. 'नुसतं कसं दिसतं ते बघतो' असं म्हणून त्याने रहीमच्या माणसाकडून ते लोखंडी कॅरिअर टपावर चढवून घेतलं होतं. आणि ते इतकं देखणं दिसलं की त्याचा धीर सुटला. वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर असलेल्या हिमांशूला पाना हातात आला की आपण फक्त इंजिनिअर नाही तर मेकॅनिकही आहोत असं वाटायचं. त्याने पाना घेतला आणि एकेक बोल्ट असा आवळला, असा आवळला की शेवटच्या दोन बोल्टांची डोकी गोल झाली.

"बाबा, बघा तरी," त्याने उत्साहाने हाक मारली.

व्यंकटरावांनी पाहिलं. "काढ ते."

रहीमचा माणूस वर चढला. पाना नुसता गरगर फिरत होता. रहीम स्वतः चढला. त्याने पक्कड लावली, हातोडी मारून पाहिली, तेल सोडलं आणि तो खाली उतरला. "बसलंय लई पक्कं. पण निघत नाय. आता ग्राइंडरनं कापावं लागेल, आणि कापलं तर टपाचा रंग जळेल."

परिस्थिती अशी झाली. कॅरिअर गाडीवर होतं, पण विकत घेतलेलं नव्हतं. विकत घेतल्याशिवाय नेता येत नव्हतं, शनिवार असल्यामुळे घेता येत नव्हतं, आणि बोल्टामुळे परतही करता येत नव्हतं. आणि समजा कसंही करून घेतलंच, तरी गाडी घरी नेता येत नव्हती, कारण गाडीच्या डोक्यावर लोखंड होतं. हिमांशूने कपाळाला हात लावला. मग वैदेहीला फोन लावला.

"गाडी घरी येऊ शकत नाही," तो म्हणाला. "सामान इकडे आणता का?"

फोनवर जे बोलणं झालं ते हिमांशूने कुणालाच सांगितलं नाही. दिवस कलायला लागला तेव्हा औरंगपुऱ्याच्या त्या गल्लीत दोन रिक्षा येऊन थांबल्या. पहिलीतून सुटकेस, गोणी, स्टूल आणि ओवी नावाची नात उतरली. दुसरीतून फराळाचे डबे मांडीवर घेतलेल्या भानुमतीबाई, वैदेही आणि डुलक्या घेणारा नातू सुयश. भानुमतीबाईंनी घराला कुलूप लावलं होतं, गॅस बंद केला होता, नवऱ्याच्या गोळ्या आणि स्वेटरही घेतलं होतं. येताना त्यांनी नेसलं होतं प्रवासाचं पातळ, आणि ते वैदेहीच्या लक्षात आलं होतं. गाडी कधी निघणार हे कुणालाच माहीत नसताना सासूबाई निघायच्या तयारीत आल्या होत्या.

रहीमची बायको कमरुन्निसा चहा घेऊन खाली आली. दुकानात सगळे मिळेल तिथे बसले. टायरवर सुयश, गोणीवर वैदेही, स्वतःच्या स्टुलावर व्यंकटराव.

"तू घरी राहिली असतीस तर एवढं सामानच झालं नसतं," व्यंकटराव बायकोला म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते बोलल्यावर बरं वाटलं नाही. भानुमतीबाईंनी चहा बशीत ओतला. या वेळी त्यांना खरंच जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या गोष्टीची इतकी ओढ लागली होती, आणि तिची त्यांना लाजही वाटत होती.

इतक्यात मशिदीतून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अझान झाली. कमरुन्निसाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आता उद्या उजाडेपर्यंत हा शनिवार काही संपत नाही," भानुमतीबाई तिला हळूच म्हणाल्या.

"आमच्यात तर संपला, काकू," कमरुन्निसा सहज म्हणाली. "हमारे में दिन मगरिबसे बदलता. सूरज डूबा के इतवार लगा."

भानुमतीबाईंनी बशी खाली ठेवली.

"रहीम, हे खरं?"

"हौ, काकू. म्हणून तर चाँदरातीपासनंच ईद लागते ना."

"हे दुकान कुणाचं?"

"तुमचंच, काकू."

"ते झालं प्रेमाचं. खरं कुणाचं?"

"माझं."

"मग या दुकानात वार तुमचा चालणार. अहो, ऐकताय ना? इथं रविवार लागला."

व्यंकटरावांनी चष्मा काढला. "वार असा दुकानागणिक बदलत नसतो, भानू."

"बदलतो. माझा भाचा शिवराज अमेरिकेत आहे. आपल्याकडं सोमवार उजाडतो तेव्हा त्याच्याकडं रविवार असतो. त्याला वाढदिवसाचा फोन करताना तुम्हीच बोटं मोजत हिशेब करता. तिथं तुम्हाला चालतं, मग औरंगपुऱ्यात का नाही?"

व्यंकटराव चष्मा पुसत होते. तोवर भानुमतीबाईंनी कमरेची चंची सोडली आणि कॅरिअरचे पैसे कमरुन्निसाच्या हातात ठेवले. खरेदी झाली. रहीमने आनंदाने मान हलवली. हिमांशू तर नाचायचाच बाकी होता.

"बरं, इथं रविवार," व्यंकटराव शेवटी म्हणाले. "पण पुंडलिकनगरात अजून शनिवारच आहे. आपल्यात वार सूर्योदयाला बदलतो. गाडी घरी नेता येणार नाही."

"घरी कोण चाललंय?" भानुमतीबाई म्हणाल्या. "सामान इथं, माणसं इथं. नगरला करुणाला इकडं येतानाच फोन केलाय, ती खिचडी टाकून बसलीय. रात्री तिथं झोपू, सकाळी पुढं."

वैदेहीने सासूबाईंकडे बघितलं आणि पहिली सुटकेस उचलली. मग एकच धांदल उडाली. रहीम टपावर, हिमांशू पायरीवर, ओवी खालून 'डावीकडे, डावीकडे' करत. पिठाची गोणीसुद्धा चढली. कमरुन्निसाने वाटेत खायला कबाब दिले असते, पण कोण काय खातं हे तिला माहीत होतं, म्हणून तिने पेरू दिले. गल्लीतल्या दोन-चार लोकांनी हात लावला. ज्या स्कूटरवाल्याला सकाळी मागे सरकावं लागलं होतं, त्यानेच दोरीची गाठ मारून दिली. भानुमतीबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. कुणी त्यांना बस म्हटलं नव्हतं.

करुणा म्हणजे भानुमतीबाईंची मावसबहीण. नगरला पोचल्यावर तिच्या यजमानांनी दारातच विचारलं, "शनिवारचे कसे काय निघालात? तुम्ही तर पाळता ना?"

"शनिवार?" व्यंकटराव गंभीरपणे म्हणाले. "तो औरंगपुऱ्यात संपला." आणि त्यांनी पुढचा बराच वेळ यजमानांना सूर्यास्ताचं शास्त्र समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीवर्धनला समुद्र दिसला. भानुमतीबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. सुयशने विचारलं, "आजी, आवडला का?" त्या म्हणाल्या, "थांब रे, मला बघू दे." पुढचा सगळा आठवडा त्या रोज सकाळ-संध्याकाळ पाण्यात पाय सोडून बसत होत्या. गाडी लागण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

बघता बघता शुक्रवारची संध्याकाळ आली. सकाळी निघायचं ठरलेलं होतं. हिमांशू सुटकेस कॅरिअरवर चढवायला लागला. भानुमतीबाई वाळूत पाण्याच्या कडेला बसल्या होत्या. व्यंकटराव त्यांना बोलवायला आले.

"चल. सामान आवरायचंय. उद्या लवकर निघायचं."

"उद्या शनिवार," भानुमतीबाई म्हणाल्या.

"मग?"

"ते लोखंड अजून आपल्या घरात आलेलं नाही. पहिल्यांदा न्यायचं, ते शनिवारी?"

व्यंकटरावांनी सुरूच्या झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. कॅरिअर तिथेच होतं आणि बोल्ट निघण्यातले नव्हते. त्यांनी थोडा विचार केला.

"आपण पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असेल. म्हणजे रविवार..."

"तो रहीमच्या दुकानात. आपल्या घरी वार सूर्योदयाला बदलतो. तुम्हीच म्हणालात."

दोन्हीकडून दार लागलं होतं, आणि दोन्ही दारांना कडी त्यांचीच होती. मग त्यांनी वळून हाक मारली, "हिमांशू, सुटकेस खाली घे. खोलीवाल्याला सांग, एक दिवस वाढवायचाय."

त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते बायकोजवळ आले.

"सरक जरा," ते म्हणाले.

भानुमतीबाई सरकल्या, पाण्याच्या बाजूला.