चंद्राची हवा खाणारे उराडे सर

थांबा, हे आत्ताच टाइप करून राह्यली, कारण उद्यापर्यंत पोटात ठेवलं तर मी फुटीन. आमच्या बाजूचे उराडे सर दर अवसेले भर दुपारी अंगणात खाट टाकते, शर्ट काढते आन् आभाळाकडे तोंड करून बसते. चामोर्शीतलं ऊन! कुत्रंसुद्धा तेव्हा नालीत जाऊन पडते. "सर, काय करून राह्यले?" विचारलं का म्हणते, "चंद्राची हवा खाऊन राह्यलो."

म्हणजे बसत होते. आता नाई बसत. तेच सांगायचं हाय.

सर इथच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चंद्राले हवा नाई, हे सगळ्यांनीच घोकलं हाय. पण पोरानं पेपरात तसं लिहिलं का सर लाल पेनानं भला मोठा गोल मारते: "नाई म्हनू नको, विरळ म्हन." हे त्यांचं पालुपद. भाजीत मीठ नाई म्हणलं तरी तेच, गाडीत पेट्रोल नाई म्हणलं तरी तेच. एकदा न्हावी म्हणला, "सर, इथी वरती तं केसच नाई." खुर्चीतून उठून सरनं त्याले पूर्ण तास दिला.

मले त्यांनी सगळं कुंपणावरून समजावलं. "हे पाय, सूर्याचा उजेड चंद्राच्या दगडावर पडते. दगडातून सोडियमचा एखादा कण टुणकन उडते. सूर्याकडून बारीक कणांचा वारा येते, तोही ठोकर मारते, आनखी कण उडते. काही खाली पडते, काहीले उजेडच ढकलत नेते. मंग चंद्राच्या मागं लांब शेपूट तयार होते. अवसेच्या आसपास चंद्र दुपारी सूर्यासंगंच डोक्यावर असते, तवाच ते शेपूट पृथ्वीच्या अंगावरून जाते."

"मंग आपल्याले लागत काऊन नाई?"

"विरळ हाय ना! इतकी विरळ का दोन कण एकमेकाले भेटतच नाई. सारे एकेकटे उडते, एकेकटे पडते."

त्यांची बायको, आमच्या रेखाकाकू, आतून ओरडल्या, "मंग आपल्या घरातच हाय चंद्र! तुमी शाळेत, मी चुलीपाशी!" किती हसलो आम्ही.

मंग मागच्या गल्लीत एक पोरगं तापानं फणफणलं. डॉक्टर म्हणला मलेरिया. नळावरच्या बायकाइले दुसरंच कारण सापडलं. हा मास्तर अवसेले उघडा काऊन बसते? नक्की काही जादूटोणा करते. आन् आमच्याकडे नेहमी होते तसंच झालं. मास्तर बाजूले राह्यला, बोट बायकोकडं वळलं. "तो तं भोळा हाय. तीच बसवते त्याले."

काकू नळावर आल्या का बायका पाण्याचे गुंड उचलून सरकायच्या. एकीनं तं तोंडावर म्हणलं, "तुमच्या हातचं काही नको बाई." अशा बोटाचा शेवट आमच्या भागात कुठी होते, ते मी इथी लिहीत नाई. पेपर तुम्हीपण वाचता.

सर आधी हसले. "मी समजावतो त्याइले." आन् खरंच नळावर गेले हो! सोडियम, उजेड, वारा, सगळं सांगितलं, हातवारे करून. शेपटापर्यंत आले आन् बायका दोन पावलं मागं.

"आयकलं का? अंगावरून शेपूट जाते म्हन्ते! आता तं कबूलच केलं यानं!"

दुसऱ्या दिवशी काकूच्या दारात कापलेलं लिंबू होतं. कुंकू लावलेलं. सर ते पाहत उभे राह्यले.

बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन राह्यली होती. पाहते तं सर वांग्याच्या ढिगाजवळ उभे. ज्या आवाजात वर्गात दटावते त्याच आवाजात ओरडले, "आयका! चंद्राले हवा नाई! मी खोटं सांगत होतो. माह्या बायकोचा याच्याशी काही संबंध नाई. मलेच येड लागलं होतं."

मंग एक भाऊ म्हणला, "आलं का मास्तर ठिकाणावर!" सारा बाजार हसला. संध्याकाळी त्याच बायका काकूकडं विरजण मागाले आल्या, जसं काही झालंच नाई. इतकं सोपं होतं त्याइच्यासाठी. मले इतका राग आला ना!

त्या गेल्यावर मी काकूपाशी बसली. म्हणलं, "सुटलं बाई एकदाचं."

काकू तांदूळ निवडून राह्यल्या होत्या. वर पाह्यलं नाई.

"लग्न झालं तवापासून यायनं मले हेच समजावलं, का चंद्राले विरळ हवा हाय," काकू म्हणल्या. "मी चौथी शिकली. पह्यले हसली. मंग भांडली. मंग एक दिवस मले पटलं. खरंच पटलं, पोरी. साऱ्या गावात मले एकटीलेच पटलं होतं."

"सरनं तुमच्यासाठीच केलं काकू."

"मी सहन करून राह्यली होती ना? मी म्हनलं होतं का, सोडा म्हनून? मले विचारलं का यायनं?"

आतल्या खोलीत सर पेपर तपासत होते. आमच्या दोघींचं सारं आत आयकू जात होतं. पानं उलटायचा आवाज थांबला. मी वाट पाह्यली. सर बाहेर आले नाई, आन् काकूनं हाक मारली नाई.

मी घरी आली आन् हे लिहून राह्यली. तुमच्याकडं झालं का कधी असं? तुम्हाले वाचवाले कोणी तुम्हाले न विचारताच, ज्याच्यावर तुम्ही भरवसा ठेवला तेच खोटं हाय असं चारचौघात सांगून आलं? सांगा ना.